चौथे शील आणि ‘नेट गेले आहे’



सकाळी तथागतांच्या मूर्तीपुढे आणि परमपूज्य बाबासाहेबांच्या प्रतिमेपुढे मेणबत्ती लावून आपण त्रिसरण-पंचशील ग्रहण करतो. नव्याने दीक्षा घेतलेल्या घरांत तर हे नियमाने आणि मोठ्या श्रद्धेने होते. लहान मुलेही हात जोडून बसतात. पाच शिलांपैकी चौथे शील मुसावादापासून विरत राहण्याचे आहे. ‘मुसावाद’ हा पाली शब्द आहे. मुसा म्हणजे खोटे आणि वाद म्हणजे बोलणे. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूरच्या दीक्षाभूमीवर बाबासाहेबांनी जनसमुदायाला ज्या २२ प्रतिज्ञा दिल्या, त्यांतही खोटे न बोलण्याची प्रतिज्ञा आहे. म्हणजे हे वचन आपण दोनदा दिले आहे.

आता एका घराचा विचार करू. समजा, दोन खोल्यांचे घर आहे. मोठी मुलगी एका कंपनीत नोकरीला आहे. मार्च २०२० मध्ये देशभर टाळेबंदी झाली तेव्हापासून तिचे काम घरूनच चालते. सकाळची वंदना आटोपली आहे. दहा वाजता टीम लीडरचा फोन येतो. हातातले काम किचकट आहे, कालपासून तसेच पडले आहे आणि आज तिला ते करावेसे वाटत नाही. ती फोनवर म्हणते, ‘‘सर, आमच्याकडे नेट गेलंय. आलं की लगेच बसते.’’ त्याच वेळी कपाटावर राउटरचा हिरवा दिवा लुकलुकत असतो. धाकटा भाऊ त्या दिव्याकडे पाहतो आणि मग ताईकडे पाहतो. आई भाकरी थापता थापता क्षणभर थांबते. कोणीच काही बोलत नाही.

या पाठात आपल्याला याच प्रसंगाचा अभ्यास करायचा आहे. कोणी म्हणेल, इतक्या क्षुल्लक गोष्टीवर पाठ कशाला? परंतु शील मोडते ते बहुधा अशा क्षुल्लक गोष्टींतच. फार मोठे खोटे बोलण्याची वेळ साध्या माणसावर क्वचित येते. लहान खोटे बोलण्याची वेळ मात्र रोज येते.

हे खोटे किती प्रकारचे असते?

घरून काम करणाऱ्या माणसाचे काम वरिष्ठाला डोळ्यांनी दिसत नाही. त्याला दिसते ते फक्त संगणकाच्या पडद्यावरचे. त्यामुळे यंत्रावर दोष ढकलणे सोपे झाले आहे. या सबबींचे तीन प्रकार करता येतील.

पहिला प्रकार निव्वळ बनावाचा. नेट चालू असते पण ‘नेट गेले’ म्हणायचे. लाइट असते पण ‘लाइट गेली’ म्हणायचे. बैठकीत प्रश्न विचारला की ‘सर, तुमचा आवाज तुटतोय’ म्हणायचे. कॅमेरा चांगला असतो, पण अंथरुणातून उठायचे नसते म्हणून ‘कॅमेरा बिघडलाय’ म्हणायचे.

दुसरा प्रकार थोडा चतुराईचा. राउटरची वायर स्वतःच काढायची आणि मग सांगायचे की नेट गेले आहे. असे करणारा मनाशी म्हणतो, ‘मी खोटे कुठे बोललो? नेट खरेच बंद आहे.’

तिसऱ्या प्रकारात तोंडाने काही बोलावेच लागत नाही. माउस आपोआप हलवत राहणारे छोटे यंत्र बाजारात मिळते. ते लावले की माणूस झोपलेला असला तरी पडद्यावर तो ‘कामावर आहे’ असे दिसते. अमेरिकेत २०२४ साली वेल्स फार्गो या मोठ्या बँकेने डझनाहून अधिक कर्मचाऱ्यांना कामावरून काढले. की-बोर्डच्या किल्ल्या दाबल्या जात असल्याचा भास निर्माण करून आपण काम करीत आहोत असे त्यांनी दाखविले, हा त्यांच्यावरचा ठपका होता.

हे तिन्ही प्रकार मुसावादात मोडतात काय? पाली अट्ठकथांमध्ये याचे स्पष्ट उत्तर आहे. मुसावाद होण्यासाठी चार अंगे लागतात असे तेथे सांगितले आहे. गोष्ट असत्य असली पाहिजे. फसविण्याचा हेतू असला पाहिजे. त्या हेतूने प्रयत्न झाला पाहिजे. आणि समोरच्याला त्याचा अर्थ पोहोचला पाहिजे. हा प्रयत्न वाणीनेच झाला पाहिजे असे नाही, तो शरीरानेही होतो, असेही तेथे म्हटले आहे.

ही चार अंगे घेऊन पुन्हा पाहा. वायर काढणाऱ्याचे शब्द वरवर खरे आहेत. परंतु ‘नेट गेले’ या शब्दांतून तो वरिष्ठाला कळवितो की ‘हे माझ्या हातात नव्हते’. ती गोष्ट असत्य आहे आणि फसविण्याचा हेतू तर उघडच आहे. म्हणून तो मुसावादच होय. माउस हलविणारे यंत्र हा शरीराने केलेला मुसावाद होय. उलट, नेट गेले असे तुम्हाला प्रामाणिकपणे वाटले, तुम्ही तसे सांगितले, आणि मागाहून कळले की वायर सैल होती, तर ते खोटे नव्हे, ती चूक होय. चूक आणि खोटे यांतील हा फरक लक्षात ठेवा. शील पाळणाऱ्याने उगाच स्वतःला दोष देत बसू नये आणि उगाच स्वतःला सोडूही नये.

तथागतांनी सांगितलेल्या सहा सबबी

काम टाळण्याच्या सबबी आजच्या नाहीत. दीघनिकायातील सिगालोवाद सुत्त हे गृहस्थांसाठीचे सुत्त म्हणून आपल्याला माहीत आहे. राजगृहात सिगाल नावाचा गृहपतिपुत्र ओल्या वस्त्रांनी सहा दिशांना नमस्कार करीत होता. मरताना वडिलांनी तसे सांगितले होते एवढेच त्याला ठाऊक होते. तथागतांनी त्याला दिशांचा खरा अर्थ सांगितला आणि गृहस्थाने कसे जगावे हे समजाविले.

त्या उपदेशात आळसाचे सहा दुष्परिणाम सांगितले आहेत, आणि ते सहा सबबींच्या रूपाने सांगितले आहेत. आळशी माणूस फार थंडी आहे म्हणून काम करीत नाही. फार ऊन आहे म्हणून करीत नाही. फार उशीर झाला म्हणून करीत नाही. अजून फार लवकर आहे म्हणून करीत नाही. फार भूक लागली म्हणून करीत नाही. आणि पोट फार भरले म्हणूनही करीत नाही. परिणाम असा की न मिळविलेली संपत्ती मिळत नाही आणि मिळविलेली क्षीण होत जाते.

या यादीकडे नीट पाहा. थंडी आणि ऊन या सबबी परस्परविरुद्ध आहेत. लवकर आणि उशीर, भूक आणि तृप्ती यांचेही तसेच. याचा अर्थ काय? आळशाचे कारण बाहेर नसतेच. ते आत असते आणि बाहेर मिळेल त्या वस्तूचे पांघरूण ते घेते. अडीच हजार वर्षांपूर्वी ते हवेचे पांघरूण घेत असे, आज ते नेटचे आणि लाइटचे घेते. म्हणून राउटर बदलून हा रोग बरा होणार नाही. ‘मला हे काम का करावेसे वाटत नाही?’ हा प्रश्न स्वतःला विचारावा लागेल. काम येत नाही म्हणून? थकवा आहे म्हणून? कोणी अपमान केला म्हणून? की नुसता कंटाळा आहे म्हणून? यांतील प्रत्येकाला वेगळे औषध आहे. परंतु ‘नेट गेले’ म्हटले की रोग झाकला जातो आणि औषधाची वेळ निघून जाते.

राहुलाला केलेला उपदेश

मज्झिमनिकायात राहुलाला केलेल्या उपदेशाचे एक सुत्त आहे. राहुल तेव्हा राजगृहाजवळ अंबलट्ठिका येथे राहत होता. परंपरेप्रमाणे तो त्या वेळी सात वर्षांचा होता. तथागत तेथे गेले. राहुलाने पाय धुण्यासाठी पाणी ठेवले. पाय धुऊन झाल्यावर तथागतांनी भांड्यात थोडे पाणी शिल्लक ठेवले आणि ते राहुलाला दाखविले. जाणूनबुजून खोटे बोलण्याची ज्याला लाज वाटत नाही त्याचे श्रमणत्व एवढेसेच असते, असे त्यांनी सांगितले. मग ते पाणी त्यांनी फेकून दिले, भांडे पालथे केले, पुन्हा उलथे करून रिकामे दाखविले, आणि प्रत्येक वेळी हाच अर्थ समजाविला. युद्धातील हत्तीची उपमाही दिली. हत्ती सर्व अंगांनी लढतो पण सोंड वाचवितो, तोवर त्याने प्राणांची आशा सोडलेली नसते. सोंडही वापरू लागला की त्याला काहीच वर्ज्य राहत नाही. खोट्याची लाज गेलेल्या माणसाचे असेच असते. म्हणून थट्टेनेही खोटे बोलायचे नाही असे राहुलाने शिकावे.

त्यानंतर तथागतांनी आरशाची उपमा दिली. आरसा पाहण्यासाठी असतो. तसेच कोणतेही कर्म करण्यापूर्वी, करीत असताना आणि केल्यानंतर पाहावे, की याने मला, दुसऱ्याला किंवा दोघांना पीडा होईल काय? पीडा होत असेल तर ते करू नये. करून झाले असेल तर शास्त्यापुढे किंवा जाणत्या सहकाऱ्यांपुढे ते उघड करावे आणि पुढे संयम ठेवावा.

हा उपदेश केवळ भिक्खूंसाठी आहे असे समजू नका. सम्राट अशोकाचा एक शिलालेख आजच्या राजस्थानात बैराट येथे सापडला. त्यात त्याने सात धम्मपाठांची नावे दिली आहेत. त्यांपैकी एक म्हणजे राहुलाला खोटे बोलण्याविषयी केलेला उपदेश. हे पाठ भिक्खू-भिक्खुणींनी वारंवार ऐकावेत व मनन करावेत, आणि उपासक-उपासिकांनीही तसेच करावे, अशी इच्छा अशोकाने तेथे कोरून ठेवली. म्हणजे बावीसशे वर्षांहून अधिक काळापूर्वी हा पाठ आपल्यासारख्या गृहस्थांना नेमून दिलेला आहे.

या खोट्याचा भार कोणावर पडतो?

आता आरसा हातात घेऊ. ‘नेट गेले’ या दोन शब्दांनी पीडा कोणाला होते? पुष्कळ जण म्हणतात, कंपनी मोठी आहे, तिचे काय बिघडते? कंपनीचे फारसे बिघडत नसेलही. परंतु बिघडते ते दुसऱ्यांचे.

पहिला भार सोबत्यावर पडतो. कॉल घेणारे दहा जण असतील आणि दोघांचे नेट ‘गेले’ असेल, तर ते कॉल उरलेल्या आठ जणांच्या कानावर आदळतात. त्यांना पाणी प्यायलाही उठता येत नाही. तेही आपल्यासारखेच पगारदार आहेत. मालकाला फसविले असे वाटते, पण फसविला जातो तो शेजारच्या खुर्चीवरचा कामगार.

दुसरा भार ज्याचे नेट खरेच जाते त्याच्यावर पडतो. गावाकडे राहून काम करणारी आपली मुले आता थोडी नाहीत. पावसाळ्यात तारा तुटतात, भारनियमन होते, टॉवरची रेंज जाते. तो मुलगा मोबाइल घेऊन गच्चीवर जातो, टेकाडावर जातो, जीव तोडून काम पुरे करू पाहतो. पण त्याच्या आधी दहा जणांनी खोटेच ‘नेट गेले’ सांगितलेले असते. वरिष्ठ म्हणतो, ‘‘सगळे हेच सांगतात.’’ लांडगा आला रे आला ही गोष्ट आपल्याला ठाऊक आहे. त्या गोष्टीत खोटे बोलणाऱ्याचेच नुकसान झाले. येथे खोटे बोलतो एक आणि नुकसान होते दुसऱ्याचे. गरिबाजवळ इन्व्हर्टर नसतो, दुसरी जोडणी नसते. त्याच्याजवळ फक्त त्याचा शब्द असतो. शब्दाची पत आपण घालविली तर त्याच्याजवळ काय उरले?

तिसरा भार घरातील मुलांवर पडतो. त्या धाकट्या भावाने हिरवा दिवा पाहिला होता. त्याला कोणी काही शिकविले नाही, पण तो शिकला. सकाळी म्हणायचे ते वेगळे आणि दहा वाजता वागायचे ते वेगळे, हे तो शिकला. काही घरांत तर आईला किंवा मुलालाच फोन घ्यायला लावतात, ‘‘सांग, लाइट नाहीये.’’ उत्तर भारतात, दक्षिणेत, परदेशात, जेथे जेथे बौद्ध घर आहे तेथे तेथे धम्माची पहिली शाळा घरच असते. त्या शाळेत असा धडा देऊ नका.

चौथा भार स्वतःवर पडतो. एका सबबीला दुसरी लागते. काल काय सांगितले ते आज आठवावे लागते. फोन वाजला की छातीत धस्स होते. शिवाय हे झाकून राहतेच असे नाही. संगणक केव्हा जोडला गेला आणि केव्हा तुटला याची नोंद कंपनीच्या सर्व्हरवर राहते. तक्रार नोंदविली की तंत्रज्ञ दुरूनच यंत्र उघडून पाहतो. परंतु ‘पकडले जाल म्हणून खोटे बोलू नका’ असे आम्ही म्हणत नाही. तो पोलिसाचा उपदेश झाला, धम्माचा नव्हे. बाबासाहेबांनी आपल्याला सांगितले आहे की धम्मात देवाचे जे स्थान इतर धर्मांत असते ते नीतीला आहे. कोणी वरून पाहत आहे म्हणून आपण शील पाळत नाही. माणसाचे माणसाशी नाते सरळ राहावे म्हणून पाळतो. खोली बंद आहे, कॅमेरा बंद आहे, कोणी पाहत नाही, अशा वेळी जे पाळले जाते तेच शील.

पण कंपनी पिळून घेत असेल तर?

येथे एक खरा आक्षेप आहे आणि तो टाळून चालणार नाही. पुष्कळ तरुण म्हणतात, ‘‘आमच्याकडून दहा-बारा तास काम घेतात. रात्री अकराला मेसेज येतो. सुटीच्या दिवशी बैठक लावतात. की-बोर्डवर बोटे किती वेळा पडली हे मोजतात. मग आम्ही अर्धा तास चोरला तर काय बिघडले?’’

त्यांची तक्रार खरी आहे. आणि धम्म मालकाच्या बाजूने उभा आहे असेही समजू नका. सिगालोवाद सुत्तात कामगाराची पाच कर्तव्ये सांगितली आहेत. त्यांत दिलेले तेवढेच घेणे आणि काम नीट करणे ही आहेत. पण त्याआधी मालकाची पाच कर्तव्ये सांगितली आहेत. शक्ती पाहून काम द्यावे. अन्न आणि वेतन द्यावे. आजारात शुश्रूषा करावी. विशेष पदार्थांत वाटा द्यावा. आणि वेळेवर सुटी द्यावी. मालकाने हे पाळले नाही तर तोही धम्माला चुकला. रात्री अकराचा मेसेज हा वेळेवर सुटी देण्याच्या विरुद्ध आहे, हे स्पष्ट म्हटले पाहिजे.

आपल्या आजोबा-पणजोबांचे आठवा. महार वतनात कामाला ना वेळ होती ना मोजमाप. केव्हाही हाक यायची. वतनदार स्वतः नसला तर घरातल्या दुसऱ्याला जावे लागायचे. सगळे घरच बांधलेले असायचे. अशा स्थितीत ‘मी येणार नाही’ असे तोंडावर सांगण्याची सोय नव्हती. मग अंग मोडले आहे, ताप आला आहे, घरात कोणी नाही, अशी सबब पुढे करावी लागे. त्यांना दोष देण्याचा अधिकार आपल्याला नाही. ज्याला नाही म्हणण्याचा हक्कच नाही त्याच्याजवळ सबबीशिवाय दुसरे काय असणार? सबब हे गुलामाचे हत्यार होय.

पण बाबासाहेबांनी या रोगावर कोणता उपाय केला? अधिक चांगल्या सबबी कशा सांगाव्यात हे त्यांनी शिकविले नाही. १९२८ साली त्यांनी मुंबई विधिमंडळात वतन कायद्याच्या दुरुस्तीचे विधेयक मांडले आणि ही वेठ उघडपणे सभागृहासमोर ठेवली. लढा लांबला. कनिष्ठ गावकामगार वतने रद्द करणारा कायदा १९५८ साली झाला. तेव्हा बाबासाहेब हयात नव्हते, पण वाट त्यांनी घालून दिली होती.

गिरणी कामगारांच्या बाबतीतही तेच. संपाच्या हक्कावर मर्यादा घालणारे विधेयक मुंबई सरकारने आणले, तेव्हा ७ नोव्हेंबर १९३८ रोजी स्वतंत्र मजूर पक्ष आणि इतर कामगार संघटनांनी एक दिवसाचा संप घडवून आणला. संप म्हणजे काय? ‘आज मी काम करणार नाही आणि याचे कारण हे आहे’ असे भर दिवसा, नाव सांगून बोलणे. संपाचा हक्क हा स्वातंत्र्याचाच हक्क आहे ही बाबासाहेबांची भूमिका होती. पुढे १९४२ ते १९४६ या काळात ते व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूर खात्याचे सदस्य होते. १९४६ साली बारमाही कारखान्यांतील कामाचा आठवडा ५४ तासांवरून ४८ तासांवर आणणारी दुरुस्ती झाली. कामाचे तास कमी झाले ते मागणी करून आणि कायदा करून. कोणी माउस हलवून ते कमी झाले नाहीत.

आजही हाच मार्ग आहे. फ्रान्समध्ये १ जानेवारी २०१७ पासून कामाच्या वेळेबाहेर फोन व ई-मेलपासून मोकळे राहण्याचा हक्क कायद्याने मानला गेला. आपल्याकडे लोकसभेत २०१८ साली सुप्रिया सुळे यांनी अशाच हक्कासाठी खासगी विधेयक मांडले होते. त्याचा कायदा झाला नाही. पण अशा मागणीला बळ कशाने येईल? किती तास काम झाले, किती मेसेज रात्री आले, याच्या खऱ्या नोंदींनी येईल. ज्याच्या स्वतःच्या नोंदी खोट्या आहेत तो मालकाच्या नोंदी कशा खोडून काढणार? खोटी सबब दिली की त्या दिवसापुरती सुटका होते आणि अन्याय जसाच्या तसा राहतो. कारण अन्याय झाला हेच कोणाला कळत नाही. वरिष्ठाला वाटते, काम फार नाही, नेट वाईट आहे.

आणखी एक गोष्ट आपल्या माणसांनी ओळखून असावी. आपल्या मुलांना कार्यालयांत ‘हे लोक काम करीत नाहीत’ असे टोमणे ऐकावे लागतात. हा टोमणा जातीच्या द्वेषातून येतो. शंभर प्रामाणिक माणसे दिसूनही तो मारणारे मारतातच. म्हणून टोमण्याच्या भीतीने शील पाळा असे आम्ही सांगत नाही. मात्र अपमानाला उत्तर देण्यासाठी मान ताठ लागते, आणि लपविण्यासारखे काही नसले की मान ताठ राहते.

तर मग करायचे काय?

पहिली गोष्ट, खरे थोडक्यात सांगायला शिका. शील म्हणजे सगळे सांगून टाकणे नव्हे. घरातले दुःख, शरीराची व्यथा, नवरा-बायकोचे भांडण हे वरिष्ठाला सांगण्याचे बंधन तुमच्यावर नाही. ‘‘सर, घरगुती कारणाने मला एक तास हवा आहे, काम संध्याकाळी पुरे करतो,’’ एवढे पुरे. हे खरे आहे आणि यात गुप्तताही राहते.

दुसरी गोष्ट, काम येत नसेल तर तसे म्हणा. ‘‘हा भाग मला समजलेला नाही, कोणी अर्धा तास दाखवील काय?’’ पुष्कळ वेळा ‘नेट गेले’च्या मागे न येण्याची लाज असते. आपल्या घरांत शिक्षणाची पहिली-दुसरी पिढी आहे. विचारले तर आपले अज्ञान उघडे पडेल ही भीती मोठी असते. पण तथागतांच्या संघात प्रश्न विचारणे हा कमीपणा नव्हता, शिकण्याची ती रीतच होती.

तिसरी गोष्ट, काम शक्तीबाहेर असेल तर लेखी कळवा. आज ही तीन कामे आहेत, दोन होतील, तिसरे उद्या होईल, असे लिहा. आजारी असाल तर आजारपणाची रजा घ्या. ती तुमच्या हक्काची आहे, तिच्यासाठी राउटरला आजारी पाडू नका. अन्याय सततचा असेल तर सोबत्यांशी बोला आणि मिळून मागणी करा.

चौथी गोष्ट, नेट किंवा लाइट खरेच गेली तर लगेच, मोबाइलवरून, वेळेसह कळवा आणि तक्रारीचा क्रमांक ठेवा. खरे बोलणाऱ्यानेही पुरावा ठेवावा, त्यात अपमान नाही.

पाचवी गोष्ट, पूर्वी खोटे बोलला असाल तर तेवढ्यावरून निराश होऊ नका. राहुलाला सांगितलेली रीत वापरा. एखाद्या जाणत्या धम्ममित्रापुढे ते उघड करा, सोबत्यावर भार पडला असेल तर त्याचे थोडे काम उचला, आणि पुढे संयम ठेवा. आपल्याकडे पाप धुण्यासाठी नदी नाही. जे केले ते ओळखणे आणि पुन्हा न करणे, हीच शुद्धी.

आता त्या घराकडे परत जाऊ. फोन पुन्हा येतो. मुलगी म्हणते, ‘‘सर, नेट आहे. कालचं काम मला जमलं नाही म्हणून मी टाळत होते. दुपारपर्यंत कुणाची मदत मिळेल का?’’ असे बोलणे सोपे नाही. कदाचित दोन शब्द ऐकून घ्यावे लागतील. पण धाकटा भाऊ तेथेच बसलेला आहे आणि हिरवा दिवा लुकलुकत आहे. सकाळी हात जोडून जे म्हटले ते दहा वाजता कसे पाळायचे, हे त्याला आता कळले.

या पंधरवड्याचा अभ्यास

१) रोज रात्री पाच मिनिटे शांत बसा आणि दिवसभरातील आपली एखादी सबब आठवा. ती खरी होती काय? तिच्यामागचे आतले कारण कोणते होते?

२) मुसावादाची चार अंगे घरातील सर्वांना समजावून सांगा. चूक आणि खोटे यांतील फरक मुलांकडून उदाहरणाने सांगवून घ्या.

३) घरात एक नियम ठरवा: आपल्यासाठी दुसऱ्याला, विशेषतः मुलांना, फोनवर खोटे सांगायला लावायचे नाही.

४) येत्या रविवारी विहारात चर्चा करा: आपल्या वस्तीत घरून काम करणारे किती जण आहेत? त्यांच्यावर कामाच्या वेळेबाहेर कोणता भार पडतो? तो उघडपणे मांडण्यासाठी ते एकमेकांना कसे साहाय्य करू शकतील?

जयभीम! नमो बुद्धाय!